पान चौदावरचा माणूस

६ मार्च, सोमवार

मोठ्या साहेबांनी आज केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि फाईल हातात ठेवली. मोठे साहेब म्हणजे पाक मुलियार्तो, आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयाचे प्रमुख. आमच्याकडे पुरुषाला मानाने पाक म्हणायचं, बाईला बू. ते चहा पाजतात म्हणजे काहीतरी अंगावर येणार, हे सव्वीस वर्षांच्या नोकरीत मला कळायला लागलंय. वरून आदेश आलाय. आपल्या जिल्ह्यात आरोग्य खात्यात दहातल्या आठ बायका, मग प्रमुखाच्या खुर्च्यांवर पुरुषच कसे, याचं संशोधन करायचं. बायकांना पुढे यायला अडथळे कोणते, आधार कोणाचा, ते शोधून अहवाल लिहायचा आणि २१ एप्रिलला, कार्तिनी दिनी, म्हणजे मुलींच्या शिक्षणासाठी झगडलेल्या कार्तिनीच्या जयंतीला, सभागृहात वाचायचा. त्या दिवशी सगळ्या बायका नटूनथटून येतात, तेव्हा विषय शोभून दिसेल असं साहेबांचं म्हणणं.

जाता जाता त्यांनी हेही सुचवलं की रोगनियंत्रण विभागाच्या प्रमुखाची जागा त्याच दिवशी भरायची आहे. अर्ज दोनच आहेत. एक माझा, एक बू विगातींचा. बू विगाती चार वर्षं त्या विभागाच्या प्रभारी आहेत. काम चांगलं करतात, डेंग्यूच्या साथीत सगळा जिल्हा त्यांनी पायाखाली घातला. पण प्रभारी म्हणजे प्रभारी. प्रमुखाला एक वजन लागतं. बायकांच्या प्रश्नावरचा अहवाल माझ्या नावावर निघाला तर माझं वजन वाढणार, यात शंका नाही.

मोठ्या कामाची नोंद असावी म्हणून ही वही घेतली. घरी येऊन बायकोला, लास्त्रीला, दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. आधी पिंजऱ्यातला कागद बदला." माझा होला आहे, राडेन नावाचा. असा घुमणारा पक्षी आख्ख्या गल्लीत नाही.

९ मार्च, गुरुवार

पहिली बैठक. मी अध्यक्ष. बू विगाती मध्येच काहीतरी म्हणाल्या की साहेब लोकांनी विचारलं तर बायका बोलणार नाहीत, बाहेरची कोणी मुलगी विचारायला ठेवा आणि नावं गुप्त राहू द्या. कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. पाच मिनिटांनी मी तोच मुद्दा नीट घोळवून मांडला, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. मांडण्याला महत्त्व असतं. बू विगातींना हे शिकवायला हवं. स्वभावाने गरीब आहेत, नाहीतर पुढे गेल्या असत्या.

बैठकांच्या खाऊच्या खोक्यांची जबाबदारी मी नेहमीप्रमाणे त्यांनाच दिली. बायकांना त्यातलं कळतं. आज केळीच्या पानातला चिकट भात, एक तळलेला रोल आणि हिरवा केक होता. झकास. त्यांनी स्वतः मात्र खोकं घेतलं नाही. नेहमीच घेत नाहीत. बायकांना वजनाची फार काळजी.

१४ मार्च, मंगळवार

ठरल्याप्रमाणे मुलगी नेमली आहे. म्बाक निंग्रुम, म्हणजे निंग्रुमताई, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, चष्मा तिच्या तोंडापेक्षा मोठा. तरी पहिल्या सहा मुलाखती मी स्वतः घेतल्या. अनुभवी माणसाने पाया घालून द्यावा.

सहाही जणींचं एकच उत्तर, काही अडथळा नाही पाक, सगळं छान आहे. एकीने तीनदा उठून चहा आणला. दुसरीची उत्तरं तिच्या नवऱ्याने दिली, आणि ती फार मुद्देसूद होती. मी संध्याकाळी निष्कर्ष लिहूनच टाकला की अडथळे मुळात नाहीत, बायकांची इच्छाच कमी आहे.

निंग्रुमने टेप ऐकली आणि मान खाली घालून म्हणाली, "पाक, तुम्ही प्रश्न विचारताना उत्तरही सांगून टाकता." मी म्हटलं, कुठे? तिने लावून दाखवलं. माझाच आवाज, 'तुम्हाला घरून पाठिंबा आहेच, नाही का?' आवाज भारदस्त येतो माझा टेपवर. पण पोरीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. पुढच्या मुलाखती तिने घ्याव्यात असं मी ठरवलं.

१६ मार्च, गुरुवार

गुप्ततेचे नियम मी स्वतः लिहून काढले. कोणाचंही नाव नको, गाव नको, हुद्दा नको. नवऱ्याचा धंदा, आवडीनिवडी, घरातलं कुत्रं-मांजर, काही म्हणजे काही ओळखू येता कामा नये. त्या जागी कंस टाकायचा. बायकांना क्रमांक द्यायचे, स्त्री-१, स्त्री-२ असे. कोणाची मुलाखत घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरेल आणि चिठ्ठ्या फक्त निंग्रुम पाहील. मलाही दाखवायच्या नाहीत. बू विगाती हे वाचून म्हणाल्या, "फारच कडक केलंत, पाक." मला कौतुक ऐकायची सवय नाही, पण बरं वाटलं.

२३ मार्च, गुरुवार

लास्त्री आज आरोग्य केंद्रातून दोन तास उशिरा आली. तीस वर्षं सुईण आहे ती तिथे, अर्धा तालुका तिच्या हातून जन्मलाय. म्हणाली, एक मुलगी गप्पा मारायला आली होती. इतकं काय बोललात विचारलं, तर म्हणाली, "बरंच." बाळंतिणींचं काहीतरी असेल. मी खोलात गेलो नाही. राडेनला आज दाणा उशिरा मिळाला याची मात्र तिला जाणीव दिली.

३० मार्च, गुरुवार

मुलाखती लिहून आल्या. तीस बायका. दुपारपासून वाचतोय. असली माणसं आपल्या जिल्ह्यात राहतात?

स्त्री-४ चं उतरवून ठेवतो. 'बैठकीत मी बोलते तेव्हा छताचा पंखा बंद असल्यासारखं वाटतं. पाच मिनिटांनी [अधिकारी] तेच बोलतो आणि सगळ्यांना वारा लागतो. मग तो माझ्याकडे वळून म्हणतो, खाऊच्या खोक्यांचं तेवढं बघाल का, तुम्हाला त्यातलं कळतं. माझं शिक्षण साथींच्या आजारांचं आहे. खोक्यांचं मी इथे आल्यावर शिकले.'

कोण हा गृहस्थ? मी विभागातली सगळी नावं मनात घेतली. मला वाटतं पाणीपुरवठ्याकडचा तो टकल्या असावा.

आणि स्त्री-९. 'मला केंद्रप्रमुख करणार होते. पत्र आलं. [नवरा] म्हणाला, दोघं साहेब झालो तर घरात भात कोण लावणार? मग ते पत्र त्याने [छंद] खाली अंथरलं. दुष्टपणाने नाही हो. हाताशी तोच कागद होता.'

हे वाचून मी चष्मा काढला. दुष्ट माणूस परवडला, त्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. छंद कसला असेल? कॅरम असावा. कॅरमवाली माणसं अशीच.

नियमाबाहेर जाऊन, नाव नाहीच आहे म्हणून, रात्रीच्या जेवणाला लास्त्रीला हे वाचून दाखवलं. तिने ताटातली मिरची बाजूला काढली. मग तिने विचारलं, "त्याला हे कळलं तर वाईट वाटेल का हो?" मी म्हटलं, असल्या माणसाला कळत नसतं.

३ एप्रिल, सोमवार

पान चौदा आज मी स्वतः लिहिलं. बाकी अहवाल निंग्रुम आणि बू विगातींनी केलाय, तक्ते वगैरे, पण अहवालाचा आत्मा पान चौदा. त्यात मी या दोन पुरुषांना असा फैलावर घेतलाय की ज्याचं नाव ते. शेवटी शिफारस अशी केली आहे: 'अशा वृत्तीच्या अधिकाऱ्याच्या हाती कोणताही विभाग देऊ नये. आधी त्याला किमान एक वर्ष बैठकांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था सांभाळू द्यावी.' शेवटचं वाक्य लिहिताना मी एकटाच हसलो. थोडा विनोद हवा अहवालात.

६ एप्रिल, गुरुवार

सही करून तीन प्रती साहेबांकडे दिल्या. साहेब खूश. पान चौदा त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचलं, एक प्रत लगेच वर पाठवली.

जिन्यात बू विगाती भेटल्या. विचारलं, "पान चौदा तुम्हीच लिहिलंत, पाक सुदिब्यो?" मी म्हटलं, शब्द न् शब्द. त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं कौतुकाने. मग म्हणाल्या, "धाडस आहे तुमच्यात." त्यांचे डोळे जरा ओले होते आणि तोंडाला हसू फुटत होतं, दोन्ही एकदम. बायकांचं कळत नाही.

९ एप्रिल, रविवार

आज सकाळी राडेनचा पिंजरा खांबावर चढवायचा होता. खालचा कागद घाण झालेला, वर्तमानपत्रांची रद्दी संपलेली. लास्त्रीला हाक मारली, कागद दे. ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "कपाटाच्या खालच्या खणात बघा. निळी पिशवी."

निळ्या पिशवीत एकच कागद होता. चार घड्या, कडेने पिवळा पडलेला, वर पक्ष्याची वाळलेली शिट. वाचला. 'श्रीमती लास्त्री यांची केंद्रप्रमुख पदी नेमणूक करण्याचे योजिले आहे, सात दिवसांत होकार कळवावा.' बारा वर्षांपूर्वीची तारीख.

मी पिंजरा हातात घेऊन अंगणात किती वेळ उभा होतो कोण जाणे. राडेन घुमत होता. तेव्हा राडेन पिल्लू होता, त्याला थंडी लागेल म्हणून मी घाईने कागद शोधत होतो, हे मला आठवलं. भाताचंही आठवलं. मी ते विनोदाने म्हणालो होतो, आणि त्या दिवशी ती हसलीसुद्धा होती. हसली होती असं मी बारा वर्षं धरून चाललो होतो.

आत गेलो. म्हटलं, स्त्री-९. ती कांदा कापत होती. म्हणाली, नंबर मला माहीत नाही, मुलीने सांगितला नाही. मी विचारलं, मग मला आधी का नाही बोललीस? ती म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? त्या पोरीने विचारलं आणि मग गप्प बसली. मला इतकी वर्षं कोणी गप्प बसून विचारलं नव्हतं."

मला फार लाज वाटली. पान चौदावर त्या माणसाला काय काय म्हटलंय ते आठवून आणखी वाटली. 'निर्बुद्ध' हा शब्द दोनदा आहे.

१० एप्रिल, सोमवार

मनाची समजूत घातली होती की दोनातला एक तरी पाणीपुरवठ्याचा टकल्या आहे. सकाळच्या बैठकीत बू विगाती म्हणाल्या, सभागृहात खुर्च्या गोल मांडू, म्हणजे मागे बसलेल्या परिचारिकाही बोलतील. कोणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने एक भारदस्त आवाज म्हणाला, खुर्च्या गोल मांडल्या तर कसं? सगळ्यांनी माना डोलावल्या. आवाज माझा होता. वाक्य अर्धं तोंडाबाहेर असतानाच मला कळलं, पण वाक्य थांबेना.

बू विगाती वहीत काहीतरी लिहीत होत्या. चार वर्षं त्या मान खाली घालून काय लिहितात याचा मी कधी विचार केला नव्हता.

म्हणजे दोन्ही नमुने मीच. सबंध जिल्ह्यातले.

११ एप्रिल, मंगळवार

साहेबांकडे गेलो. म्हटलं, पान चौदा जरा भडक झालंय, काढून टाकू या. साहेब म्हणाले, वेड लागलंय का, वरच्यांना तेवढंच आवडलंय. मग आवाज खाली आणून म्हणाले, नावं तर झाकलेली आहेत, तुम्हाला कशाला घाम फुटतोय? तुमची निवड जवळजवळ झालीच. फक्त तो अहवाल खणखणीत वाचा.

खरं आहे. कोणाला काही कळणार नाही. कंस मीच टाकायला लावले होते. गप्प बसलो तर २१ तारखेला मी विभागप्रमुख. बू विगाती पुन्हा कोणाच्या तरी हाताखाली, पुन्हा खोकी. मी इथे खरं लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही: मला ती खुर्ची हवी आहे. सव्वीस वर्षं मी तिच्याकडे जाता-येता बघतोय.

१७ एप्रिल, सोमवार

चार दिवस जेवण जात नाही. लास्त्रीला सगळं सांगितलं आणि काय करू विचारलं. म्हणाली, "मला विचारू नका. मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बायकोमुळे गेली." आणि बरोबर तेच म्हटलं असतं मी.

२१ एप्रिल, शुक्रवार

सभागृह गच्च. बायका रेशमी कबायात, म्हणजे सणाच्या लांब पोलक्यात, केसांत फुलं, खुर्च्या गोल. निवड समितीचे तिघं समोर. सुइणींच्या रांगेत लास्त्री होती, जांभळ्या कबायात. तो लग्नानंतर पहिल्यांदा घातला असेल, की दरवर्षी घालत होती आणि मी बघितलं नाही, हे मला सांगता येणार नाही.

पान तेरापर्यंत वाचलं. चौदा उलटलं आणि खणखणीत वाचायला गेलो, तर आवाज असा काही निघाला, जसा राडेनला सर्दी झाल्यावर निघतो. तरी वाचलं. पंख्याचं वाचलं, भाताचं वाचलं, पत्राचं वाचलं. मागच्या परिचारिका खुसखुसत होत्या. 'निर्बुद्ध' दोन्ही वेळा वाचलं. शिफारस वाचली. टाळ्या पडल्या.

समितीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी हात वर केला. तोवर त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, हे लोक अजून नोकरीत आहेत का? नावं गुप्त ठेवा, पण असा माणूस आज आपण चुकून खुर्चीवर बसवत नाही ना, एवढंच सांगा.

सगळं सभागृह एकदम खाली बघायला लागलं. प्रत्येकाला आपल्या खाऊच्या खोक्याचं झाकण फार महत्त्वाचं वाटू लागलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाडून सगळ्यांना माहीत आहे. कंस फक्त माझ्यासाठी होते.

मी म्हटलं, "मीच आहे तो."

मोठे साहेब घाईने म्हणाले, विनोद करताहेत. म्हाताऱ्या बाईंनी चष्मा वर केला. "कोणता? खोक्यांवाला की पत्र अंथरणारा?"

"दोन्ही, बू."

आधी कोणीच हसलं नाही. मग सुइणींच्या रांगेतून एक हसू आलं. ते लास्त्रीचं होतं, मी ते हजारांत ओळखेन, आणि ते बारा वर्षांपूर्वीच्यासारखं अजिबात नव्हतं. त्यानंतर सगळं सभागृह सुटलं. पाणीपुरवठ्याचा टकल्या तर डोळे पुसत होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी अर्ज मागे घेतो असं म्हटलं, आणि शिफारस माझीच आहे तेव्हा ती मलाच लागू करा असंही म्हटलं. शेवटचं वाक्य विनोद होता असं सांगायचं राहून गेलं. म्हाताऱ्या बाईंनी ते लिहून घेतलं.

२४ एप्रिल, सोमवार

बू विगाती विभागप्रमुख. प्रभारी नाही, पुऱ्या.

आणि सूचनाफलकावर दुसरा कागद: बैठकांची खाण्यापिण्याची व्यवस्था, एक वर्ष, पाक सुदिब्यो. खाली मोठ्या साहेबांची सही. ती करताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

२६ एप्रिल, बुधवार

लास्त्रीने केंद्रप्रमुखपदाचा अर्ज भरला. निवृत्तीला पाच वर्षं राहिलीत तरी भरला. संध्याकाळी भात मी लावला. खीर झाली. तिने मुकाट्याने खाल्ली, वर म्हणाली पाणी थोडं कमी घाला. राडेनने मात्र उरलेला आवडीने खाल्ला.

२८ एप्रिल, शुक्रवार

आज बू विगातींच्या नेमणुकीचा समारंभ, आणि माझी खोक्यांची पहिली परीक्षा.

हे काम कोणाला सोपं वाटत असेल तर त्याने करून बघावं. चाळीस खोक्यांची मंजुरी. तीन दिवस आधी सांगावं लागतं. भाताचं पान सकाळी गुंडाळलं नाही तर दुपारी आंबतं. कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला साखर. मी दोन दुकानं फिरलो, एकीकडे बाईंनी विचारलं, बू विगाती आजारी आहेत का?

मधोमध पिवळ्या भाताचा डोंगर रचला होता. ज्याचा मान असेल त्याला शेंडा कापून द्यायचा. बू विगातींनी तो कापला, बशीत घेतला आणि सरळ म्बाक निंग्रुमच्या हातात दिला. पोरगी चष्म्याआड रडायला लागली. मोठे साहेब आपली बशी पुढे करून उभे होते, त्यांनी ती हळूच मागे घेतली.

मी खोकी वाटत गेलो. चाळीस मोजून आणली होती, पण तीन चालक आले, दोन शिपाई आले, साहेबांचा मेहुणा आला. कोणाला नाही म्हणणार? आधी पदरच्या पैशाने आणलेली जास्तीची पाच गेली, मग माझं स्वतःचं गेलं. सगळं आटोपल्यावर मी खिडकीशी रिकाम्या हाताने उभा होतो. पोटात कावळे ओरडत होते आणि सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

बू विगाती शेजारी आल्या. मी म्हटलं, खोकी दर वेळी कमीच पडतात का हो?

"दर वेळी."

मग चार वर्षं तुम्ही काय खायचात?

त्यांनी पिशवीतून एक छोटा स्टीलचा डबा काढला, उघडला आणि अर्धी बाजू माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "मी घरून डबा आणायचे."